गीझर बंद केला का?

आमच्या घरातला बॉयलर आणि मी, दोघंही लवकर तापतो. फरक इतकाच की त्याची वर्षातून एकदा सर्व्हिसिंग होते. माझी करायची हिंमत नवऱ्याला अजून झालेली नाही.

इंग्लंडात रीडिंगला आम्ही हे घर घेतलं तेव्हा बॉयलर घराबरोबरच आला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कपाटात भिंतीला टांगलेली एक पांढरी पेटी. नळाला गरम पाणी तीच देते आणि खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घरही तीच उबदार ठेवते. पेटीखालच्या मोकळ्या जागेत मी डाळींचे डबे रचले होते, कारण एका मराठी घराला किती प्रकारच्या डाळी लागतात याचा विचार इथल्या सुताराने केलेला नव्हता. बॉयलर चालू होता तोवर आम्ही त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबा नोव्हेंबरात आले. आई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. नाशिकच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत होते आणि मी त्यांची एकुलती एक. रोज फोनवर "जेवलात का?" विचारायचं आणि "हो" ऐकायचं. ते "हो" खरं की खोटं हे कळायला काही मार्ग नाही. सकाळी उठून रिकाम्या घरात ते एक कप चहा टाकत असतील, हे मला दिसत नव्हतं, म्हणून जास्तच छळत होतं. शेवटी मी हट्ट धरला की हिवाळाभर माझ्याकडे या. बाबा तयार झाले, पण अट घालून. परतीचं तिकीट जानेवारीतलं काढायचं. थंडी झेपली तर तारीख पुढे ढकलून मार्चअखेरपर्यंत राहीन, नाहीतर सव्वीस जानेवारीच्या आत नाशिक. मी मनातल्या मनात मार्च नक्की करून टाकला.

थंडीबद्दल बाबांचं मत ठाम होतं. "मी निफाडला चार हिवाळे काढलेत." वीजखात्यात असताना त्यांची तिकडे बदली झाली होती. द्राक्षबागा वाचवायला तिथे पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, हे विमानतळावरून घरी पोचेपर्यंत त्यांनी दोनदा सांगितलं. सांगताना डोक्यावर माकडटोपी होती, त्यावर मफलर, आणि गाडीतला हीटर पूर्ण चालू.

पहिल्या दिवशी मी त्यांना घर दाखवलं. "बाबा, घर गरम करायचं ते भिंतीवरच्या या डबीवरून. तिला मी सेट केलंय, तुम्ही काही करू नका. आणि गरम पाण्याची काळजी नको. ते या कपाटातून येतं, नळ सोडला की झालं." एवढं सांगून मी मोकळी झाले. घर आणि पाणी दोन्ही एकच पेटी तापवते, हे सांगायचं राहून गेलं. बाबांनीही विचारलं नाही, कारण त्यांचं सगळं लक्ष बाथरूममध्ये बादली आणि मग नाही, याकडे लागलं होतं. शॉवरखाली उभं राहणं म्हणजे अंघोळ नव्हे, नुसतं भिजणं, असं त्यांचं म्हणणं. त्याच संध्याकाळी आम्ही बादली आणली. तांब्या त्यांनी बॅगेतून स्वतःचाच काढला.

पहिला आठवडा मी रजेवर होते. सगळं सुरळीत चाललं. दुसऱ्या आठवड्यात मी आणि नवरा दोघंही ऑफिसला जायला लागलो आणि सोमवारी संध्याकाळी घरी आले तर घर थंडगार. रेडिएटरला हात लावला, बर्फ. बॉयलरवरचे आकडे गायब. बाबा सोफ्यावर दोन स्वेटर आणि शाल घेऊन बसले होते.

"बाबा, अहो, घर केवढं गार पडलंय! मला फोन नाही का करायचा?"

"एवढ्यासाठी कसला फोन? निफाडला कुठे होतं हीटिंग?"

नवऱ्याने बॉयलरची सगळी बटणं दाबून पाहिली. तो सॉफ्टवेअरमधला असल्यामुळे प्रत्येक यंत्र बंद करून परत चालू केलं की सुधारतं, अशी त्याची श्रद्धा आहे. हे आधीच बंद होतं. त्या रात्री आम्ही रजया पांघरून झोपलो. सकाळी उठलो तर रेडिएटर गरम, नळाला कढत पाणी, बॉयलर मजेत गुणगुणतोय. मंगळवारी संध्याकाळी परत मेलेला. बुधवारी सकाळी परत जिवंत.

"अगं, इंजिनिअरची अपॉइंटमेंट मिळालीय, उद्या मॉर्निंग स्लॉट," नवरा म्हणाला.

इंजिनिअर म्हणजे साठीकडे झुकलेला एक गोरा गृहस्थ, गुडघ्यावर हात टेकून उठणारा. गुरुवारी सकाळी आठला तो आला तेव्हा बॉयलर ठणठणीत चालू होता. डॉक्टर दारात आला की पोटदुखी थांबते, तसंच. त्याने झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, प्रेशर बघितलं आणि सगळं व्यवस्थित असल्याचं सांगून गेला. संध्याकाळी घर पुन्हा थंड. शुक्रवारी मी घरून काम करायचं ठरवलं आणि त्याला परत बोलावलं. यंत्र पुन्हा चालूच. या वेळी त्याने डोकं खाजवलं. बॉयलरला मधूनमधून वीजच मिळत नाहीये असं दिसतंय, म्हणाला. घरात कोणी स्विच तर बंद करत नाही ना?

"छे! आमच्याकडे त्याला कोणी हातसुद्धा लावत नाही," मी सगळ्यांच्या वतीने ठासून सांगितलं.

मग बहुधा आतलं सर्किट बोर्ड निकामी होत चाललंय, तो म्हणाला. एवढ्या जुन्या मॉडेलचे भाग मिळायला त्रास होतो, तेव्हा नवीन बॉयलरचा विचार करा. त्याने एक रंगीत माहितीपत्रक दिलं आणि गेला. मी ते घेऊन तशीच स्वयंपाकघरात उभी होते. पाहुणा येणार म्हणून बाबांची अंघोळ त्या दिवशी लांबली होती. ती उरकून ते पंचा खांद्यावर टाकून आले. मला बघून हसले. कपाट उघडलं, तुरीचा डबा बाजूला केला, मुगाचा केला, मागे हात घातला आणि टक्.

बॉयलरवरचे आकडे माझ्या डोळ्यांदेखत विझले.

डब्यांच्या मागे स्विच आहे हे आम्हा दोघांना चार वर्षांत माहीत नव्हतं. बाबांना घरी एकटे राहिल्यावर पहिल्याच सोमवारी चणाडाळ शोधताना सापडला होता. त्यावर एक बारीक लाल दिवा जळायचा. आयुष्यभर वीजखात्यात काढलेल्या माणसाला तो दिवसभर जळताना बघवेना. म्हणून ते पहाटे पाचला उठून स्विच लावायचे आणि आम्ही ऑफिसला गेल्यावर सगळ्यांत शेवटी स्वतःची अंघोळ उरकली की बंद करायचे. नाशिकला गीझरचं करत होते, अगदी तसंच. घर गरम करणारं यंत्र भिंतीवरच्या डबीजवळ कुठेतरी असणार, अशी त्यांची समजूत. ते कोणाच्याही वाटेला गेले नव्हते, उलट आपण मुलीची वीज वाचवतोय याचं त्यांना समाधान होतं.

हे सगळं मला नंतर समजलं. त्या क्षणी माझा पारा चढलेला. चार दिवस कुडकुडलेले, इंजिनिअरसमोर ठासून सांगितलेलं, हातात नव्या बॉयलरचं माहितीपत्रक. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहिते, कारण ते मीच बोलले होते. "बाबा, तुमच्यावर लक्ष ठेवायला मी आता घरी बसू का? लहान मूल आहात का तुम्ही?"

 पुन्हा हात घालून त्यांनी स्विच लावला आणि डबे होते तसे नीट रचून ठेवले.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी एक कागद घेतला, जाड मार्करने त्यावर "हात लावू नये" लिहिलं आणि स्विचवर खाकी चिकटपट्टीने आडवा-उभा चिकटवला. बाबांचा जन्म ट्रान्सफॉर्मरवर असल्या पाट्या लावण्यात गेलेला. त्यांनी चष्मा लावून माझी पाटी वाचली.

"अक्षर चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. "अगं, आपल्याकडे घराघरात हेच नाही का? तुझी आई तर रोज ओरडायची म्हणतेस ना?" ओरडायची खरी. नाशिकला सकाळी पोळ्या लाटता लाटता आईची हाक यायची, "अहो, गीझर बंद केला का?" बाबा बाथरूमबाहेरून खणखणीत आवाजात "केला!" म्हणायचे, आणि मग ओल्या पावलांनी चोरासारखे जाऊन खरोखर बंद करायचे. मी शाळेचा डबा भरत हे बघायची. बाबा मला तोंडावर बोट ठेवून खूण करायचे. आठवलं आणि मलाही हसू आलं. इंजिनिअरला फोन करून खरा प्रकार सांगितला, तोही पोटभर हसला. नवा बॉयलर वाचला.

हसले नाहीत ते एकटे बाबा. त्या दिवसापासून ते घरात पाहुण्यासारखे वागायला लागले. "चहा टाकू का? चालेल ना?" "हा दिवा लावला तर हरकत नाही ना?" माझ्या घरात माझे बाबा मला परवानगी मागत होते. आधी ते दुपारी स्वतःसाठी धिरडी करायचे, ते बंद झालं. मी ठेवून गेलेलं जेवण गार असेल तर गारच खायचे, कारण मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. मला कळत होतं. माफी मागायला दोन शब्द पुरले असते, पण भांडताना माझी जीभ जितकी चालते तितकीच अशा वेळी अडते. आज मागू, उद्या मागू करत डिसेंबर संपला. नाताळाच्या सुट्टीत एका संध्याकाळी बाबांनी नवऱ्याला विचारलं, "तिकीट आहे ना नक्की? तारीख बदलायची नाहीये, म्हणून विचारतो."

"थंडी झेपत नाहीये का, बाबा?" मी विचारलं.

"थंडीचं काही नाही," ते म्हणाले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. गवत पांढरं, गाड्यांच्या काचा पांढऱ्या. निघायला आठ दिवस राहिले होते, आणि बाबांनी माळ्यावरून बॅग काढून घेतली होती. त्या सकाळी नवरा लवकरच्या ट्रेनने गेला. मी खाली आले तर घर थंड आणि बॉयलर विचित्र आवाज करतोय, घसा बसलेला माणूस गुळण्या करतो तसा. मग तोही थांबला.

बाबा टेबलाशी बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, परत?"

"नाही गं. मी नाही लावला हात."

मी कपाट उघडलं, डबे सरकवले. चिकटपट्टी जशीच्या तशी. आडवी, उभी, कोपरेसुद्धा निघालेले नाहीत. मागे लाल दिवा शांतपणे जळत होता. मला इतकी लाज वाटली की डबे परत लावायच्या निमित्ताने मी तोंड कपाटातच ठेवलं.

इंजिनिअरला फोन लावला. त्याला दुपारशिवाय जमणार नव्हतं, पण गुळण्यांचं ऐकल्याबरोबर त्याने ओळखलं. बॉयलरमधलं सांडपाणी एका बारीक पांढऱ्या प्लॅस्टिक पाइपातून घराबाहेर पडतं. थंडीत ते पाइपातच गोठतं, आणि पुढे वाट नाही म्हणून बॉयलर बंद होतो. पाइपावर गरम पाणी ओता, बर्फ सुटेल, मग रीसेट करा, असं त्याने सांगितलं. पुढे आणखी काही सांगत होता, ते न ऐकताच मी फोन ठेवला आणि केटलमध्ये खळखळतं पाणी घेऊन बाहेर धावले.

"थांब!" मागून बाबा ओरडले. किती दिवसांनी ते माझ्यावर ओरडले होते! "उकळतं ओतू नकोस! गारठलेला पाइप आहे, तडकेल."

ते माकडटोपी घालून, बादली आणि तांब्या घेऊन बाहेर आले. केटल बादलीत रिकामी करून घेतली आणि त्यात विसण घालायला लागले. आई माझ्या अंघोळीच्या पाण्यात घालायची तसं, गार पाणी थोडं थोडं, मध्ये बोटं बुडवून बघत. मग पाइप जिथे वळतो तिथे वाकून तांब्याने पाणी सोडायला सुरुवात केली. मी आत-बाहेर करत केटल उकळून आणत होते. पाइपातून काही होईना. गल्लीत वाफ, बाबांच्या नाकाला थेंब, पायाखाली पाणी.

"दिवाळीची पहिली अंघोळ राहिली होती वाटतं याची," मी म्हणाले. "उटणं आणू का?"

बाबा हसले. मोठ्याने, दात दाखवून हसले. "आण. आणि ओवाळायला ताटही आण."

पाचव्या केटलला पाइपात काहीतरी सरकलं आणि खालच्या जाळीत बोटभर लांबीचा बर्फाचा तुकडा पडला. मागून पाण्याची धार. मी आत जाऊन रीसेट दाबलं. टिकटिक झाली आणि भप् करून ज्योत पेटली. बाबा दारातून ऐकत होते. "लागला," म्हणाले आणि आपला मफलर काढून बाहेर पाइपाला गुंडाळून आले.

इंजिनिअर दुपारी आला तेव्हा मफलर तसाच होता. तो बघून त्याने टोपी काढली. मग त्याजागी पाइपाला जाड काळं फोम बसवलं, पुढच्या उन्हाळ्यात तिथे रुंद पाइप टाकून देतो म्हणाला. बॉयलर अजून दोन-तीन हिवाळे सहज काढेल, पाणी कोमट करून ओतणं ज्याला सुचलं त्याला शाबासकी द्या, असंही सांगितलं. मी बाबांकडे बोट दाखवलं. मग त्याने आत स्विच तपासायला कपाट उघडलं आणि चिकटपट्टीवरची अक्षरं बघून हे काय लिहिलंय, असं विचारलं.

 बाबांनी आपल्या सरकारी इंग्रजीत शांतपणे उत्तर दिलं, की ही सूचना माझ्या मुलीसाठी आहे, तिला प्रत्येक गोष्टीला हात लावायची सवय आहे.

इंजिनिअर हसला. मी हसू की रडू करत चहा टाकला.

तो गेल्यावर मी चिकटपट्टी ओढून काढली. रंगाचा टवका निघाला. "बाबा, माझं चुकलं. त्या दिवशी तसं बोलायला नको होतं. आणि आज सकाळी तर मुळीच नको होतं."

"स्विचची चूक माझीच होती. पाटीचंही काही नाही," ते म्हणाले. "लहान मूल म्हणालीस ना, ते लागलं."

"माहितीये मला."

"एक गंमत सांगू? तुझी आई होती तोवर गीझर बंद करायचं मला एक दिवस लक्षात राहिलं नाही. ती ओरडायची, मग जायचो. आता विचारणारं कोणी नाही, तर एक दिवस विसरत नाही. अंघोळ झाली की पाय आपोआप तिकडे वळतात."

मी रडले. रडताना "मार्चपर्यंत राहा ना" असंही म्हणाले. बाबा "बघू" म्हणाले आणि चहाचे कप विसळायला उठले. परवानगी न विचारता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. वरच्या बाथरूममध्ये बादलीचा आवाज थांबला, दार उघडलं, जिन्यावर पावलं वाजली. मी ठरवलं नव्हतं, पण तोंडून हाक निघालीच, आणि आवाज आईच्याच पट्टीत लागला.

"बाबा, गीझर बंद केला का?"

जिन्यातली पावलं थांबली. तव्यावरची पोळी फुगली आणि खाली बसली.

"केला!" वरून खणखणीत उत्तर आलं.

कपाटात लाल दिवा जळत होता आणि बॉयलर गुणगुणत होता. थोड्या वेळाने बाबा पंचा खांद्यावर टाकून दारात आले. डोळे लाल होते, पण तोंडावर बोट होतं, तीच जुनी खूण.

"जावयाला सांग," म्हणाले, "तिकीट मार्चचं करून टाक म्हणावं."